लेंग्याच्या खिशातला रणगज

“नेहमीच्या गोळ्या सोडून यांनी आणखी काही घेतलं होतं का?” डॉक्टर मुजावरांनी मला विचारलं.

उत्तर माझ्या दिरानं दिलं. “पैलवान हाय त्यो, मॅडम. गोळ्या खाऊन हुबा ऱ्हाणारा गडी न्हाई. तालमीत इचारा कुणालाबी.”

“हृदयाच्या गोळ्या त्यांना चालू आहेतच,” डॉक्टर म्हणाल्या. “मी दुसऱ्या विचारतेय. ताकदीच्या. पुरुषांच्या.”

डॉक्टर मुजावर म्हणजे आमच्या लेकीच्या वयाची बाई. अंगात पांढरा कोट, डोक्यावरून ओढणी, आणि डोळे थेट माझ्यावर. मिरजेच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आमच्या गावचे डझनभर तरी पुरुष उभे होते. तालमीतली पोरं जशी होती तशीच आपल्या वस्तादांना, म्हणजे यांना, जीपमध्ये घालून घेऊन आली होती. अंगात घाईनं सदरे अडकवलेले, पण पोटऱ्यांना अजून कुस्तीच्या हौद्यातली लाल माती. त्या मातीवरून झाडणाऱ्या मावशींनी मघाशी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. डॉक्टरांचा प्रश्न ऐकला आणि सगळे एकदम भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागले.

आनंदाभावजी एक पाऊल पुढं आले. “मॅडम, तुमी बाईमाणूस. आसलं काय इचारताय?”

“त्यांचा जीव वाचवायचा आहे म्हणून विचारतेय.” डॉक्टरांचा आवाज जराही चढला नाही. “सकाळी छातीत दुखलं म्हणून त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली, असं ही मुलं सांगतात. ती ते पूर्वीही घ्यायचे. तिच्यानं माणूस असा कोसळत नाही. यांचा रक्तदाब तळाला गेला होता. सलाईन देऊन थोडा वर आणलाय, पण छातीत पुन्हा दुखतंय. एरवी अशा वेळी आम्ही त्या जिभेखालच्या गोळीचंच औषध शिरेतून देतो. पण माणसानं आधी ताकदीची गोळी घेतली असेल, तर तेच औषध त्याला मारतं. आता सांगा.”

“न्हाई म्हणून सांगितलं न्हवं?” भावजी म्हणाले.

“मी त्यांच्या पत्नीला विचारलं.”

जे विचारलं जात होतं ते माझ्या पर्समध्ये होतं. नर्सनं यांचे कपडे गुंडाळून माझ्या हातात दिले तेव्हा लेंग्याच्या खिशात काहीतरी कडक लागलं. काढून पाहिलं तर गोळ्यांचं पाकीट. सोंड वर केलेला हत्ती, आणि खाली लाल अक्षरांत ‘रणगज’. अर्धं पाकीट रिकामं.

तो हत्ती मला नवा नव्हता. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, उसाच्या ट्रॉलीच्या फळीवर, न्हाव्याच्या दुकानात आरशाखाली, जिकडं बघावं तिकडं तो होता. ‘शंभर टक्के जडीबुटी. दुष्परिणाम शून्य. मर्दांचा विश्वास.’ माझ्या सातवीच्या पोरांनी फळ्यावर तो हत्ती काढून ठेवला होता, तेव्हा मी अख्ख्या वर्गाला उन्हात उभं केलं होतं. आणि आता तोच माझ्या नवऱ्याच्या लेंग्यातून निघाला होता. तोही दौलतराव खराड्यांच्या. ज्यांचं नाव घेतल्याशिवाय आमच्या भागात कुस्तीचं मैदान सुरू होत नसे त्यांच्या.

खोटं कशाला बोलू, मला आधी भीती वाटली नाही. आधी संताप आला. दोन वर्षांपूर्वी यांना हृदयाचा पहिला झटका आला, तेव्हापासून आमच्यात नवरा-बायकोचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. मग हे कुणासाठी? तिथल्या तिथं मी गावातल्या दोन-तीन बायकांची तोंडं डोळ्यांपुढं आणून पाहिली. एकही पटेना, त्यामुळं राग आणखीच वाढला.

“वैनी, जरा हिकडं या,” म्हणत भावजींनी मला पाण्याच्या टाकीपाशी नेलं. “नर्सबाईनं कापडं तुमच्याकडं दिली न्हवं? खिशात काय गावलं असंल तर माझ्याकडं द्या.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“मला काय ठावं न्हाई. पर असंलच काय, तर ते भाईर काढू नगा. लंगोटाचा पक्का माणूस म्हणून लोक दादाच्या पाया पडत्यात. उद्या म्हणतील, खराड्याला गोळी लागायची. आमी तोंड कुठं दाखवायचं?”

“तिकडं त्यांच्या जिवावर बेतलंय, भावजी.”

“जीव काय आपल्या हातात हाय व्हय? मेलाच तर पैलवान म्हणून तरी मरू द्या की त्येला!”

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. तोवर मी यांच्यावर चिडलेली होते. त्या वाक्यानं सगळा राग उचलला आणि भावजींच्या डोक्यावर नेऊन ठेवला. आपल्या भावाचं प्रेत ज्याला अब्रूपेक्षा हलकं वाटतं, त्या माणसाशी मला पुढं एक शब्द बोलायचा नव्हता.

मी परत डॉक्टरांसमोर गेले आणि पर्स उघडली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा असतो तो आवाज काढून म्हणाले, “हे यांच्या खिशात सापडलं. अर्धं संपलंय. यांनीच खाल्लंय.”

लसीकरणाचा तक्ता वाचणारे सगळे वळले. डॉक्टरांनी पाकीट उजेडात धरलं.

“जडीबुटीचं आहे म्हणे,” मी म्हटलं. अजूनही मला वाटत होतं की ते नुसतं जडीबुटीचं निघावं.

“पाकिटावर तसं लिहिलंय. आत काय घातलंय ते पाकीट कुठं सांगतं?” असं म्हणत डॉक्टर दार ढकलून आत पळाल्या. “सिस्टर, ती ड्रिप जोडू नका! राहू द्या!” एवढं मला ऐकू आलं. दार बंद झालं.

व्हरांड्यात कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मागं कुठंतरी एकजण खोकला, आणि ते खोकणं नव्हतं हे मला कळलं.

“झालं समाधान?” भावजी दातओठ खात म्हणाले. “आता जावा, गावात दवंडी द्या.”

“दवंडी तुम्ही द्या. तुमचा आवाज मोठा आहे.”

दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. धोका अजून टळलेला नाही, पण गाडी रुळावर येतेय, म्हणाल्या. ते पाकीट त्यांनी स्वतःजवळ ठेवलं होतं. “मी औषध खात्याला कळवणार आहे. तुमची तक्रार लागेल. द्याल?” मी हो म्हटलं. मला तेव्हा एवढंच समजत होतं की कुणाशी तरी भांडायचंय.

भांडायला माणूस तासाभरात आपल्या पायांनी आला. पांढरी गाडी, दारावर हत्ती. उतरले ते राजेंद्र कुंभोजकर, हातात फळांची परडी. या गृहस्थांना मी चांगली ओळखत होते. आधी ते कोंबडीखाद्य विकायचे. मग कुठून कोण जाणे, त्यांना ऋषीमुनींचं ज्ञान प्राप्त झालं आणि ते पुरुषांना ताकद वाटायला लागले. त्यांच्यामागं आनंदाभावजी. दोघांची चांगली ओळख दिसत होती.

“वहिनीसाहेब,” कुंभोजकर परडी बाकावर ठेवत म्हणाले, “पैलवान म्हणजे आमच्या घरचा माणूस. दवाखान्याची काळजी तुम्ही करायची नाही.”

“मग कोण करणार? तुमचा हत्ती?”

ते हसले. त्या माणसाला हसू फार पटकन यायचं. “रागवा, रागवा. तुमचा हक्क आहे. फक्त एक करा. डॉक्टरकडं जे पाकीट दिलंय ना, ते परत मागून घ्या. नवऱ्याची वस्तू आहे, तुम्ही मागितली तर देतील.”

“माल शुद्ध असेल तर घाबरता कशाला? तपासू दे की.”

“घाबरतोय कोण? तुमच्यासाठी सांगतोय.” ते बाकावर माझ्या शेजारी बसले. मी उठून उभी राहिले. “तक्रार केली की पेपरात येणार. काय येणार सांगू? ‘रणगज खाऊन पैलवान आजारी’ असं छापतील. पण लोक तसं वाचत नाहीत. लोक वाचतात, दौलत खराड्यालासुद्धा रणगज लागतो! एवढी जाहिरात मला कितीही पैसा ओतून जमली नसती.”

“आणि ज्यांना ज्यांना त्रास झाला असेल, ते?”

“ते बोलतील असं वाटतं तुम्हाला? बायकोला न सांगता खातात हो लोक. सरकारी साहेबाला काय सांगणार! आमच्या धंद्यात गिऱ्हाईक तक्रार करत नाही, वहिनीसाहेब. मेलं तरी करत नाही.”

हे त्यांनी अगदी सहज, उसाचा भाव सांगावा तसं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कोंबड्यांना काय घालत होतात हो? त्याही बोलत नव्हत्या ना?”

आता मात्र हसू मावळलं. ते उठले आणि माझ्याकडं पाठ करून भावजींवर घसरले. “आनंदराव, हे ऐकून घ्यायला बोलावलंत मला? तुमच्या दादांना मी सक्ती केली होती का? नुसता फोटो मागितला होता! डब्यावर फोटो, बदल्यात तालमीला मॅट. बोलणं तुम्हीच लावलं होतं. खायला कुणी सांगितलं होतं त्यांना?”

“कसला फोटो?” मी विचारलं.

भावजी फळांकडं बघत होते.

“घरी बोलले नाहीत वाटतं?” कुंभोजकर म्हणाले. “मी खाल्ल्याबिगर माझं तोंड डब्यावर लागणार नाही म्हणाले. पोरं माझं तोंड बघून खातील, आधी मला कळू दे आत काय आहे ते. अहो, जाहिरातीतले नट कधी खातात का? पण ऐकतील तर पैलवान कसले! घेऊन गेले दोन पाकिटं. हट्टीपणा त्यांचा आणि खापर आमच्यावर.”

ते परडी तिथंच ठेवून निघून गेले. मी पुन्हा बाकावर बसले.

आमच्या तालमीत एक रीत होती. पोरांसाठी थंडाई घोटली की पहिला पेला वस्ताद पितात, मग पोरं. दूध नासलंय का, बदाम खवट आहेत का, हे वस्तादांच्या पोटात आधी कळायला हवं. यांचे वस्ताद तसं करायचे, हेही तसंच करायचे. आणि मॅटसाठी यांनी साखर कारखान्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांचे उंबरे झिजवले होते. कुस्त्या आता मॅटवर होतात. मातीत तयार झालेली आमची पोरं जिल्ह्याला गेली की पायच रोवता येत नाहीत म्हणून हरून यायची आणि जेवायची नाहीत. त्या मॅटसाठी हे फोटो द्यायला तयार झाले, आणि फोटो द्यायचा म्हणून गोळी आधी स्वतः खाल्ली. असला वेडेपणा फक्त तालमीतला माणूसच करू शकतो. मला रडू फुटलं. सकाळपासून मनात ज्या बायका उभ्या केल्या होत्या त्या एकेक करून निघून गेल्या.

मग मी डोळे पुसले आणि भावजींकडं वळले. “हे सकाळी सांगितलं असतं तर?”

“मला वाटलं, मलाच दोष देशीला.”

“देतेच आहे.”

पण भावजींच्या तोंडावर एकदम तरतरी आली होती. “वैनी, आवं ह्येच सांगू की मग! तपासाय एक गोळी खाल्ली, पोरांसाठी. दादाचं नाव उलट मोठं हुतंय!”

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालंही. सकाळी खोकणारे आता हात जोडून सांगत होते, वस्ताद असावा तर असा. खरं सांगायचं तर मलाही ते फार आवडलं. पाकीट अर्धं रिकामं होतं, एका गोळीचं नव्हतं. पण त्या दिवशी मला गोळ्या मोजायच्या नव्हत्या.

यांना वॉर्डात हलवल्यावर औषध खात्याचे पोतदार साहेब जबाब घ्यायला आले. सभ्य, जरा संकोची गृहस्थ. पलंगाच्या उशाशी भावजी उभे, पायथ्याशी तालमीतली पोरं. साहेबांनी ती बाहेर गेली तर बरं असं सुचवलं, पण हे म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, माझीच हायती.” अंगातलं मांस उतरलं होतं, कानांच्या कुस्तीत चेपलेल्या पाळ्या तेवढ्या होत्या तशा होत्या.

“किती गोळ्या घेतल्या होत्या?” साहेबांनी विचारलं.

“एकच,” भावजी म्हणाले. “तपासाय.”

“त्यांना बोलू द्या.”

हे छताकडं बघत म्हणाले, “पयली तपासाय खाल्ली. ते खरं हाय.”

“आणि पुढच्या?”

“दादा, तुला दम लागतोय. मग बोल...”

“आनंदा, गप ऱ्हा.” आवाज खोल गेला होता, पण तालमीतला होता. “पुढच्या मला पायजे हुत्या म्हणून खाल्ल्या. गुण आला, म्हणून दुसरी खाल्ली. मग तिसरी. कशाचा गुण ते इचारू नगा, पाकिटावर लिवलंय.”

पोतदार साहेबांचं पेन थांबलं. त्यांचीच मान खाली गेली होती. “पैलवान, तपासणीसाठी घेतली एवढं लिहिलं तरी माझं काम भागतं. बाकीचं लिहायलाच पाहिजे असं नाही.”

“माझं भागत न्हाई. एकच खाल्ली म्हणून लिवलं, तर त्यो कुंभोजकर म्हणंल, म्हाताऱ्याला सोसली न्हाई. रोज खाणाऱ्याचं काय हुतंय ते मग कोण सांगणार?” त्यांनी पायथ्याकडं बघितलं. “हितं ही पोरं हायती. ह्यातल्या कुणी खाल्लीया मला ठावं न्हाई. पर वस्तादानं खाल्ली म्हणल्यावर त्यांला सांगाय लाज वाटायची न्हाई. लिवा साहेब. दौलत खराड्यानं गरज हुती म्हणून खाल्ली.”

साहेबांनी लिहिलं. भावजी तरातरा वॉर्डाबाहेर गेले. पायथ्याशी एका पोरानं मान खाली घातली, थोड्या वेळानं दुसऱ्यानंही. आणि मी? मला खरं तर अभिमान वाटायला हवा होता. मला आला तो पुन्हा तोच संताप. गुण आला म्हणे! कुठं आला? मला तर काही दिसला नव्हता. त्या बायका परत येऊन माझ्या डोक्यात बसल्या.

कुंभोजकरचं पुढं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे तो विषय संपला. तपासणीत निघालं की जडीबुटी नावाला होती आणि त्यात ताकदीचं इंग्रजी औषध घोटून भरलेलं होतं. कारखान्याला टाळं लागलं, खटला उभा राहिला आणि तारखा पडत राहिल्या. वर्षाच्या आत त्याच स्टँडच्या त्याच भिंतीवर हत्ती पुसून घोडा रंगवला गेला. नाव नवं, मालक त्याचा मेहुणा, दुष्परिणाम पुन्हा शून्य. मात्र आमच्या तालमीतली तीन पोरं जबाबानंतर आपणहून डॉक्टर मुजावरांकडं जाऊन आली. त्यातलं एक घाबरून रडत होतं असं नंतर कळलं. मॅट काही आली नाही.

पेपरवाल्यांनी मात्र, लोक जे वाचतील म्हणून कुंभोजकर म्हणाला होता, तेच सरळ छापलं. ‘पैलवानालाही पडली गरज!’ यांना घरी आणलं त्याच सकाळी ते छापून आलं. जीपमधून उतरेपर्यंत सगळं गाव वाचून तयार होतं. आमचा पुढचा सोपा माणसांनी भरला होता. कुणी तब्येत विचारायला, कुणी नुसतं तोंड बघायला. पेपर सतरंजीखाली दडपलेला होता, त्याचा कोपरा बाहेर दिसत होता. भावजीही आले होते. नाही आले तर लोक काय म्हणतील म्हणून आले होते. कोपऱ्यात माझ्याकडं पाठ करून बसले होते.

मी यांना आतल्या खोलीत पलंगावर निजवलं, दार लोटून घेतलं आणि दवाखान्यात इतके दिवस माणसांमुळं दाबून ठेवलेलं विचारलं.

“कुणासाठी?”

“काय कुणासाठी?”

“गुण आला म्हणालात ना साहेबांना? कुणासाठी आला गुण, तेवढं सांगा.”

“तुला काय वाटतंय?”

“मला काय वाटायचं! मी तर सोप्याच्या पलीकडं झोपते.”

“त्येच की,” ते म्हणाले. “तू तिकडं झोपतीस.”

मी पलंगाच्या कडेला टेकले.

“पयल्या झटक्यानंतर घरी आलो,” ते भिंतीकडं बघत म्हणाले, “आन पंधरा दिसांत तू अंथरूण उचललंस. मला वाटलं, ह्येच्यात आता काय ऱ्हायलं न्हाई, म्हणून गेली. कुणाला सांगायचं? पैलवान मी. मग ती गोळी आली. पयली खाल्ली आन वाटलं, न्हाई, अजून हाय आपण. रोज खायाची आन बसून ऱ्हायाचं. आज हाक मारतो, आज मारतो. हाक मारायचा काय धीर हुईना.” मग त्यांना हसू आलं. “त्येची गोळी कंपनीनं काढली न्हाई.”

मला हसू आलं नाही. “मी का गेले ठाऊक आहे? तुमचं घोरणं ऐकत जागी राहायचे मी. जरा थांबलं की छातीवर हात ठेवून बघायचे, चाललाय ना श्वास. तुम्ही दचकून उठायचात. एकदा काय म्हणालात? बाई, झोपू दे की मला सुखानं! म्हणून गेले. तुम्हाला झोप लागावी म्हणून. तिकडं गेले तरी दार उघडं ठेवून कान इकडंच!”

“मग तसं बोलायचं की.”

“तुम्ही बोललात?” माझा आवाज सोप्यात जात होता. जाऊ दे म्हटलं. “साहेबाला लिहून दिलंत. तालमीतल्या पोरांना सांगितलंत. पेपरात छापून आलं, जिल्ह्यानं वाचलं. मी सोडून सगळ्या जगाला सांगितलंत तुम्ही! मी काय परकी होते?”

एवढा मोठा गडी, पांघरुणाची कड बोटांत धरून पडून होता. त्यांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी तिथं थांबूच शकले नाही.

दार उघडून सोप्यात आले. सगळ्यांच्या मधून पलीकडच्या खोलीत गेले, माझी गादी गुंडाळली, वर उशी आणि वाकळ टाकली आणि तो सगळा बोजा छातीशी धरून परत निघाले. सोप्यात बसलेल्यांनी पाय आवरून घेतले. आनंदाभावजींनी तोंड फिरवलं. सगळ्यांना सगळं समजत होतं आणि एकाचीही खोकायची हिंमत होत नव्हती. वाकळ घसरून पडली ती एका पोरानं उचलून दिली.

“काकी, द्या हिकडं, मी नेऊन टाकतो,” तो म्हणाला.

“नको,” मी म्हटलं. “माझं मी नेते.”